बूट होते, निळे, आठ नंबरचे

तुमच्या फोनमध्ये एका अनवाणी गोलकीपरचा फोटो आहे का? चिखलात आडवा झेपावलेला तरुण, ग्लोव्हजच्या टोकांना जेमतेम लागलेला चेंडू, मागे ढगांत अर्धे बुडालेले डोंगर आणि थेट तुमच्या तोंडासमोर आलेले दोन उघडे तळवे. तो फोटो पुढे पाठवताना तुम्हाला स्वतःबद्दल जरा बरं वाटलं होतं का?

वाटलं असणार. तसं वाटावं म्हणूनच तो काढला होता. काढणारा मी. त्या तरुणाचे बूट त्या वेळी गोलच्या खांबामागे, फोटोच्या चौकटीबाहेर पडलेले होते. तिथे ठेवायला मीच सांगितलं होतं.

हे पहिल्याच पानावर सांगून टाकतो. लपवाछपवी मी फोटोत पुरेशी करून घेतली आहे.

मी पेणचा. आमच्या घरात पुस्तकांपेक्षा पत्रकं जास्त. बाबा जमिनीच्या, पाण्याच्या, ठेक्यावरच्या कामगारांच्या प्रश्नांवर पत्रकं लिहायचे, अजून लिहितात. इतर मुलं पतंग करायची त्या वयात मी कागदाची बरोबर मधोमध घडी घालायला शिकलो. डोलवीला पोलाद कारखान्याची शिफ्ट सुटायच्या वेळी रस्त्याच्या कडेला उभं राहून, न थांबणाऱ्या माणसाच्या हातात चालता चालता कागद कसा सरकवायचा, हे मला दहाव्या वर्षी येत होतं. बाबांचे नियम दोनच. पहिला, पत्रकाच्या तळाशी काढणाऱ्याचं नाव हवं. जो बोलतो त्याने समोर उभं राहायचं. दुसरा, चूक झाली तर दुरुस्ती छापायची, आणि चूक ज्या टायपात छापली त्याच टायपात. मोठ्या अक्षरांत खोटं बोलून बारीक अक्षरांत माफी मागणाऱ्यांना ते माणसांत धरत नाहीत.

हे सगळं शिकून मी काय केलं ते पुढे येईल. आधी दुसऱ्या काही मंडळींबद्दल.

पेणमध्ये एका परदेशी फुटबॉल क्लबचे वीसेक चाहते आहेत. शनिवारी संध्याकाळी बाजारपेठेतल्या एका खाणावळीच्या माडीवर ते मोठ्या टीव्हीसमोर जमतात. क्लबचा उल्लेख 'आपण' असा करतात. आपण जिंकलो, आपला डिफेन्स कच्चा आहे, आपल्याला एक चांगला स्ट्रायकर हवा. हे बोलणाऱ्याला माडीचा जिना चढून आल्यावर दोन मिनिटं खुर्चीचा हात धरून उभं राहावं लागतं. मे महिन्यात, घामाने जर्सी पाठीला चिकटलेली असताना, हे लोक लोकरीचे मफलर डोक्यावर ताणून धरतात, कारण तिकडच्या स्टेडियममध्ये तसं धरतात. एकदा तिकडे तिकिटांचे दर वाढले. आयुष्यात ज्या स्टेडियमची पायरीही चढणार नाहीत त्याच्या तिकिटांसाठी ह्यांनी दंडावर काळ्या फिती बांधल्या आणि फोटो काढून घेतला. त्याच आठवड्यात आम्ही तेव्हा पेणमध्ये खेळायचो त्या मैदानात मंडपाचे खड्डे खणून तसेच उघडे सोडले होते. एकाचा पाय मुरगळला. तेव्हा फीत कुणालाच सापडली नाही.

तो काळ्या फितींचा फोटोही मीच काढला. मफलरांचेही. माझ्याकडे जुना, दुसऱ्याने वापरलेला कॅमेरा होता आणि अंगात तीच जर्सी होती, पाठीवर एका परक्या माणसाचं आडनाव छापलेली. तेव्हा मी ह्या लोकांविषयी जे बोलतो आहे ते गॅलरीत बसून बोलत नाही. मी त्यांच्यातलाच होतो, फक्त मला वाटायचं की कॅमेरा हातात असला की माणूस बाहेरचा होतो.

माझा मित्र त्या माडीवर पहिल्यांदा आला तेव्हा त्याच्या भुवया पांढऱ्या होत्या. दोन घरं सोडून गणपतीचा कारखाना आहे, तिथे तो कच्च्या मूर्तींना पॉलिश पेपर मारायचा. कामावरून सुटून चहाला आला आणि वरून आरडाओरडा ऐकून जिना चढला. मंडळींनी त्याला दाराजवळ उभं राहू दिलं. खुर्च्या रिकाम्या होत्या.

गोल झाला. आपल्यावर. सगळ्यांनी डोक्याला हात लावले. दारातून आवाज आला, "पाय चुकला त्याचा."

"कोणाचा?" चाहत्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपचा ॲडमिन मान न वळवता म्हणाला. ह्या ॲडमिनचं हार्डवेअरचं दुकान आहे आणि ग्रुपमध्ये त्याचाच शब्द चालतो.

"कीपरचा. डावा पाय आधी टाकला. मंग उजवीकडं कसा जाईल?"

"तुला रे काय कळतं?"

"मी कीपर हाय."

"कुठल्या टीमचा?"

"वाडीच्या."

सगळे हसले. मग टीव्हीवर तोच गोल हळू दाखवला. डावा पाय आधी गेला होता. हसणं थांबलं, पण खुर्ची कुणीच पुढे केली नाही.

त्या दिवशी मी त्याच्याबरोबर जिना उतरलो, आणि आमची मैत्री झाली. त्याची वाडी रोह्याच्या पलीकडे, कुंडलिकेच्या काठाजवळ. आठवडाभर तो पेणला राहायचा आणि रविवारी माझ्या बाईकवरून आम्ही रोह्याला जायचो. वाटेत गडबला वडापाव. त्याच्या वाडीतली पोरं, मजुरीवरून आलेली मोठी माणसं, नदीजवळच्या सपाटीवर खेळायची, आणि तो गोलमध्ये उभा राहायचा. मी फोटो काढायचो. सुरुवातीला माझ्या एकाही फोटोत चेंडू नसायचा, तो गेलेला असायचा.

"तू बॉलकडं बघतोस," तो म्हणाला. "बॉलकडं नको बघू. मारणाऱ्याच्या कमरेकडं बघ. कंबर आधी सांगते."

फोटोग्राफी मला एवढ्या दोन वाक्यांत आली. मी वाचलेल्या सगळ्या लेखांपेक्षा ती उपयोगी होती. तो मला फोटोवाल्या म्हणायचा, मी त्याला कीपर.

आणि त्याच्याकडे बूट होते. हे मी नीट सांगतो. निळे, आठ नंबरचे, खाली पांढरे स्टड. गणपतीचा एक अख्खा सीझन उशिरापर्यंत थांबून काम केलं आणि पनवेलहून स्वतः जाऊन आणले. खेळून झालं की बादलीत जुन्या टूथब्रशने धुवायचा. पावसाळ्यात ते वाळताना वाकडे होऊ नयेत म्हणून आत कागदाचे बोळे भरायचा. कागद मी पुरवायचो, बाबांची उरलेली पत्रकं. बाबांना सांगितलं तेव्हा मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "चांगलं हाय. निदान कुठंतरी पुरी आत तरी गेली."

आता तो दिवस. जुलैतला रविवार होता, सकाळपासून झड लागलेली, मैदानाचा चिखल झाला होता. ग्रुपने रोह्यातल्या एका दिवसाच्या स्पर्धेत टीम उतरवायचं ठरवलं होतं आणि कीपर म्हणून ह्याला घेतलं होतं. त्यांच्यात खाली पडायची तयारी असलेला दुसरा कुणी नव्हता. त्याला मात्र त्याचं फार होतं. वाडीबाहेरच्या खऱ्या जाळीच्या गोलमध्ये, शिट्टीवाल्या पंचांसमोर तो पहिल्यांदाच उतरणार होता. त्याचीच प्रॅक्टिस चालली होती. मी चिखलात पालथा पडून फोटो काढत होतो आणि प्रत्येक फोटोत ते निळे बूट मला खुपत होते. चिखल, डोंगर, नदी, आणि मध्येच दुकानातला चकचकीत निळा रंग.

"बूट काढ ना जरा," मी म्हणालो.

"कशाला? हायेत की."

"फोटोत पाय चांगले येतील."

"पाय काय खायचेत का तुला?"

पण काढले त्याने. मी मागितलं म्हणून. खांबाशी ठेवले. मला एक स्टड चौकटीत दिसला, तेव्हा मी म्हणालो, आणखी मागे घे. त्याने मागे घेतले. दहा-बारा झेपा मारायला लावल्या. एका झेपेत खड्यावर टाच फाटली. "झालं का तुझं?" त्याने विचारलं. झालं होतं. मी कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो बघितला आणि मला माहीत होतं की हा फोटो चालणार.

घरी येऊन त्याखाली मी एक ओळ लिहिली: 'बूट नाहीत, पण झेप आहे.' मोठ्या अक्षरांत. कोपऱ्यात माझं नाव घातलं आणि फोटो ग्रुपवर टाकला. पत्रकांच्या घरात वाढल्याचा हाच एक फायदा मी उठवला, की थोडक्यात खोटं कसं बोलावं.

फोटो किती लोकांनी पाहिला ते मला माहीत नाही. ज्यांनी पाहिला त्यांच्याविषयी मला एवढंच म्हणायचं आहे. त्याच्या हातात कीपरचे ग्लोव्हज आहेत. रबराचे, मनगटाला पट्टी असलेले, फोटोत अगदी मध्यभागी. ज्याला बूट परवडत नाहीत त्याच्याकडे हे कुठून आले, असं एकाही माणसाने विचारलं नाही. हात जोडलेले बाहुले आले, रडणारे चेहरे आले, 'भावा सलाम' आलं. बघितलं कुणीच नाही. तुम्हाला तळवे हवे होते, मी तळवे दिले.

माडीवरच्या मंडळींना तर वेडच लागलं. वर्षभर ज्याला दारात उभं केलं तो एका रात्रीत 'आपला भाऊ' झाला. ॲडमिनने जाहीर केलं की ग्रुपतर्फे भावाला बूट द्यायचे, रोह्याच्या स्पर्धेतच द्यायचे, मध्यंतरात, प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते. फ्लेक्स झाला. त्यावर माझा फोटो आणि खाली गोलांत वीस शुभेच्छुकांचे चेहरे, प्रत्येक चेहरा फोटोतल्या चेंडूएवढा.

मग अडचण आली. मध्यंतरात बूट द्यायचे तर पहिल्या हाफमध्ये त्याच्या पायात बूट असून चालणार नाहीत. आणि अनवाणी माणसाला पंच उतरू देत नाहीत. माडीवर ह्यावर गंभीर चर्चा झाली, आणि सगळ्यांना पटलेला तोडगा असा निघाला की कीपरने पहिल्या हाफला बाहेर बसावं. बूट घ्यावेत. दुसऱ्या हाफला उतरावं. तोपर्यंत ॲडमिनचा मावसभाऊ गोलमध्ये उभा राहील.

मित्र तिथेच उभा होता. ह्या खेपेला खुर्ची दिली होती, तो बसला नव्हता.

"पण बूट हायेत माझ्याकडं," तो म्हणाला.

"अरे ते जुने. हे नवीन, ब्रँडेड."

"जुने नायत. आणि मला पैल्यापासून खेळायचंय."

"अरे भावा, तुझ्यासाठीच चाललंय ना सगळं?"

तो माझ्याकडे वळला. "फोटोवाल्या, सांग यांना. तूच काढायला लावलेस."

वीस माणसं माझ्याकडे बघत होती. त्याच आठवड्यात तो फोटो एका प्रदर्शनासाठी निवडला गेल्याचं पत्र मला आलं होतं. त्याची घडी माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "दुसऱ्या हाफला उतरायचंच आहे ना. एका हाफचा तर प्रश्न आहे."

डोलवीच्या रस्त्यावर अनोळखी माणसांना सत्य वाटत उभा राहणारा मुलगा तो हाच. मला आजही त्या वाक्याची किळस येते, त्यातल्या समजूतदारपणाची सगळ्यात जास्त.

स्पर्धेच्या दिवशी रोह्याला ऊन पडलं होतं. वाडीवरून त्याची माणसं आली होती. मावसभावाने पहिल्या हाफमध्ये तीन गोल खाल्ले, त्यातला एक दोन पायांच्या मधून. शिट्टी झाली. ॲडमिन माइक घेऊन मैदानाच्या मध्ये गेला आणि म्हणाला, "आता आपण अशा एका भावाला बोलावतोय, ज्याच्या पायात कधी बूट चढला नाही."

माझ्या मागे वाडीतल्या दोन बायका बसल्या होत्या. एक दुसरीला म्हणाली, "दर रविवारी तर अंगणात वाळत असतात गो त्याचे बूट. यांना कुनी सांगितलं, नायत म्हणून?"

"फोटोत बघितलं असंल."

"फोटो काढणारा आंधळा हाय का?"

मी वळून बघितलं नाही. मैदानात माझा मित्र चालत येत होता. मोजे गुडघ्यापर्यंत ओढलेले, ग्लोव्हज घातलेले आणि पायात निळे बूट, घासून लखलखीत केलेले. ॲडमिनने माइकवर हात ठेवला, तरी ऐकू आलं.

"अरे काढ ते. नंतर घाल."

"कशाला?"

"कार्यक्रम आहे ना."

"मंग करा की कार्यक्रम."

प्रमुख पाहुण्यांनी खोका पुढे केला, कारण त्यांना तेवढंच सांगितलेलं होतं. त्याने खोका घेतला, उघडला, बूट उलटा करून नंबर बघितला.

"दहा हाय. माझा आठ."

"जाड मोजे घाल, बसतील," ॲडमिन म्हणाला.

"शेठ, तुमचा केवढा?"

"दहा," ॲडमिनच्या तोंडून निघून गेलं.

"मंग तुम्हीच घाला. दुसऱ्या हाफला लागतील. कीपर दमलाय तुमचा."

वाडीची माणसं हसली. खोका ॲडमिनच्या हातात देऊन तो शांतपणे गोलकडे निघाला, उतरायचं ठरलं होतं म्हणून. त्याला थांबवलं गेलं. शिस्त नाही, असं कारण सांगितलं. शिस्त हा शब्द मी त्या माणसांच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदा ऐकला. मावसभाऊ परत उभा राहिला आणि त्याने आणखी चार खाल्ले.

मित्र मैदानाच्या कडेला बांधावर बसून शेवटपर्यंत मॅच बघत होता, बूट घातलेलाच. मी शेजारी जाऊन बसलो. त्याने वाकून एका बुटाची लेस घट्ट केली. मग म्हणाला, "हे बूट घालून आलो ते त्यांना दाखवायला नाय. तुला दिसावेत म्हणून."

तो उठला आणि वाडीच्या माणसांबरोबर गेला. पुढच्या रविवारी मी कारखान्यापुढे बाईक लावली. तो एस.टी.ने गेला होता. त्याच्या पुढच्या रविवारीही.

मी हे बाबांना सांगितलं तेव्हा ते जेवण आटपून पत्रकांच्या घड्या घालत बसले होते. फोटो मागितला. मोबाइल दूर धरून बघितला. तीन सेकंदही लागले नसतील.

"याच्या हातात ग्लोव्हज हायेत की," ते म्हणाले. "मग बूट कुठं गेले?"

मी सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी विचारलं, "खालची ओळ केवढ्या टायपात होती?"

"मोठ्या."

"नाव?"

"आहे. माझं."

"मग माहीत हाय तुला," ते म्हणाले आणि परत घड्या घालायला लागले.

मी पत्रक छापलं. वर तोच फोटो, त्याच आकारात. खाली त्याच मोठ्या अक्षरांत: 'बूट होते. निळे, आठ नंबरचे. काढायला मी लावले.' तळाशी माझं नाव. प्रदर्शनाला पत्र पाठवून फोटो परत घेतला. पत्रकं पेणच्या बाजारपेठेत वाटली, रोह्याच्या एस.टी. स्टँडवर वाटली, माडीवरच्या प्रत्येक खुर्चीवर एकेक ठेवलं. ॲडमिनने मला ग्रुपमधून काढलं. त्याआधी त्याने लिहिलं की चांगल्या कामाला गालबोट लावायची काही लोकांना सवय असते. त्याखाली वीस अंगठे आले. मला त्या अंगठ्यांचा राग येत नाही आता. ते बोटं उचलण्यापलीकडे कधी काही करणारच नव्हते.

दुरुस्ती मात्र कुणी पुढे पाठवली नाही. तो फोटो अजून फिरतो. परवा माझ्याच एका नातेवाइकाने मला तो पाठवला, सुप्रभात लिहून. माझं नाव कुणीतरी कापलं आहे. माझी ओळ तशीच आहे.

सगळी पत्रकं वाटून झाल्यावर एक घेऊन मी कारखान्यात गेलो. तो एका मूर्तीच्या गुडघ्याला पेपर मारत होता. हात पुसले, पत्रक घेतलं, उभ्या उभ्या वाचलं. सावकाश वाचलं. कारखान्यातले बाकीचे काम करत राहिले.

"किती छापलीस?"

"पाचशे."

"उरली का?"

"आहेत शंभरेक. लोक घेत नाहीत."

त्याने पत्रक घडी करून खिशात घातलं आणि परत पेपर उचलला. "मंग आण ती," तो म्हणाला. "रविवारी पाऊस हाय. बूट भिजतील."

मैत्री पूर्वीसारखी झाली असं मी लिहिणार नाही. तो अजून मला फोटोवाल्या म्हणत नाही, नावाने हाक मारतो. बाईकवर मागे बसतो, गडबला वडापाव खातो. कॅमेरा मी घरी ठेवून येतो. माझी दुरुस्ती त्याच्या बुटांत बोळे होऊन बसते, आणि ती त्यांचा आकार धरून ठेवते, एवढं काम तिचं चाललं आहे. बाकीचं काम माझ्या हातात नाही, तुमच्या आहे.

म्हणून एक करा. हे वाचून झालं की फोन उघडा आणि तो फोटो शोधा. ग्लोव्हज दिसतात का बघा. मग ज्या ज्या माणसाला तुम्ही तो पाठवला होता, त्या प्रत्येकाला, तितक्याच मोठ्या अक्षरांत, एक ओळ पाठवा: बूट होते. खाली तुमचं नाव लिहा. आणि फोटो पुसून टाका.